प्रस्तावना : तीन आठवड्यांचा परदेश

जालन्याला परदेश नवा नाही. महिकोचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, ते जालन्यात राहून उभ्या केलेल्या बियाण्याच्या कामाबद्दल. त्याच्या सव्वाशे वर्षं आधी, १८७३ मध्ये, जालन्यात मिशनचं काम करणारे आणि जवळच बेथेल हे गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री न्यूयॉर्कला जाऊन इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत बोलून आले होते. आणि कडवंची तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १९९६ पासून तिथं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून बांधबंदिस्ती झाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसं पाठीशी राहिली, गावानं श्रमदान केलं आणि आज दुष्काळी पट्ट्यातलं ते गाव द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी ओळखलं जातं. जर्मनीचा पैसा कडवंचीच्या शिवारात आला आणि तिथल्या मातीत मुरला.

म्हणजे जग जालन्यात येतं, जालन्याचं नाव जगात जातं. पण अशा गावातून रोज सकाळच्या एसटीनं कॉलेजला येणारी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी? तिनं अभ्यासासाठी चार आठवडे दुसऱ्या देशात जाऊन यावं, असा रस्ता आपण अजून बांधलेला नाही. श्रीमंतांच्या मुलांसाठी तो आहे, आयआयटीच्या मुलांसाठीही आहे. तिच्यासाठी नाही. ही पुस्तिका त्या रस्त्याबद्दल आहे.

आधी विषय नीट सांगतो, कारण परदेशी शिक्षण म्हटलं की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यांसमोर येतं: दोन वर्षांची एमएस, तीस-चाळीस लाखांचं कर्ज, विमानतळावर हार घातलेला मुलगा. त्या शिक्षणाबद्दल इथं काही नाही. इथं बोलायचं आहे ते दोन ते चार आठवड्यांच्या अभ्यासाबद्दल. पंधरा-वीस विद्यार्थी, सोबत दोन प्राध्यापक, तिकडचं एक विद्यापीठ किंवा संशोधन संस्था, ठरलेला विषय, रोजचं काम, शेवटी अहवाल आणि त्याचे क्रेडिट्स पदवीच्या गुणपत्रिकेवर. सहल वेगळी आणि हे वेगळं. ज्या दौऱ्यात सकाळी प्रेक्षणीय स्थळ आणि संध्याकाळी खरेदी असते, त्याला कुणीही अभ्यास म्हणू नये आणि गरिबाच्या पोराकडून त्यासाठी पैसेही घेऊ नयेत.

कुणासाठी, हेही सांगायला हवं. १९८१ च्या १ मे रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तालुके काढून जालना जिल्हा झाला. आज त्याचे आठ तालुके आहेत. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा इथून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, तांड्यांवरची बंजारा मुलं, बौद्ध आणि मातंग वस्त्यांतली मुलं, जुन्या जालन्यातल्या मुस्लीम मोहल्ल्यांतल्या मुली, दोन-तीन एकर कोरडवाहूवर जगणाऱ्या मराठा, धनगर, माळी घरांतली मुलं: इथल्या कॉलेजांचे वर्ग यांनीच भरलेले असतात. यांतल्या बहुतेकांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच माणूस. २०२३ साली अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण देशभर गाजलं, पुढच्या वर्षी त्याच अंबड तालुक्यात वडीगोद्रीला ओबीसींचं उपोषण झालं. दोन्हीकडच्या मागण्या एकमेकींच्या विरोधात होत्या, पण दोन्ही मांडवांत बसलेल्या तरुणांची चिंता एकच होती: शिकून पुढं काय? त्या प्रश्नाचं उत्तर एक अभ्यासदौरा देऊ शकत नाही. मात्र ज्या पोरांना जिल्ह्याची वेस ओलांडायला पोलीस भरती किंवा स्पर्धा परीक्षा एवढंच निमित्त मिळतं, त्यांना आणखी एक निमित्त मिळायला हवं.

सरकार काहीच करत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते, दरवर्षी ७५ जागा. आदिवासी, ओबीसी, अल्पसंख्याक यांच्यासाठीही पुढं योजना आल्या. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीनं सयाजीराव गायकवाडांच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू केली. या योजनांनी माणसं घडवली आहेत आणि त्या वाढल्या पाहिजेत. पण त्या बहुतेक पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहेत आणि जगाच्या क्रमवारीत वरच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात असेल तरच उपयोगाच्या. ते प्रवेशपत्र मिळवायला इंग्रजीत निबंध लिहावा लागतो, ओळखीच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात, आयईएलटीएसची हजारो रुपयांची परीक्षा लागते, आणि या सगळ्याच्या आधी हे आपल्याला जमेल असं वाटावं लागतं. शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड. भोकरदनच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला त्या जाहिरातीची खबरच लागत नाही. लागली, तरी ती दुसऱ्या कुणासाठी आहे असं त्याला वाटतं.

बाबासाहेबांची गोष्ट आपण वारंवार सांगतो, पण तिच्यातला पैशांचा भाग घाईनं सांगून टाकतो. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, म्हणून ते कोलंबिया विद्यापीठात पोचले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी, त्यातून साठवलेली पुंजी, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. एवढ्या बुद्धीच्या माणसालासुद्धा तीन ठिकाणांहून पैसा गोळा केल्याशिवाय अभ्यास पुरा करता आला नाही. त्या माणसानं पुढं मराठवाड्यात मिलिंद कॉलेज उभं केलं. गरिबाच्या पोराला विद्या मिळायची तर आधी राहण्या-खाण्याची आणि पुस्तकांची सोय लागते, हे ते स्वतःच्या अनुभवावरून जाणत होते.

आपल्या शेजारचंच आजचं उदाहरण द्यायचं तर राजू केंद्रे यांचं. मंठ्याला लागून असलेल्या लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे गावचे केंद्रे २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसमध्ये शिकायला गेले. त्याआधीच त्यांनी यवतमाळात एकलव्य ही संस्था सुरू केली होती. ती पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना देशातल्या आणि परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांपर्यंत जायला मदत करते. त्यांच्या कामातून मला एक गोष्ट पटली आहे: आपल्या भागातून गेलेलं एक माणूस दिसलं, की मागून दहा जण अर्ज भरतात. एकाच कॉलेजचे पंधरा विद्यार्थी महिनाभर बाहेर राहून परत आले, तर त्या कॉलेजात काय होईल याचा अंदाज यावरूनच बांधावा.

आता एक गोष्ट, जी या चर्चेत कुणी बोलत नाही. महाराष्ट्राचा कृषी विभाग गेली अनेक वर्षं शेतकऱ्यांना परदेशात अभ्यासदौऱ्यावर पाठवतो. इस्रायल, जपान, व्हिएतनाम, मलेशिया, युरोपातले देश. जिल्ह्याजिल्ह्यातून शेतकरी निवडतात, निम्मा खर्च सरकार देतं. वर्षानुवर्षं त्याची कमाल मर्यादा एक लाख रुपये होती. म्हणजे निवड कशी करायची, व्हिसा कसा काढायचा, अनुदान कसं द्यायचं, सोबत अधिकारी कोण जाणार, हे सगळं आपल्या सरकारी यंत्रणेला येतं. शाळांच्या बाबतीतही झालं आहे: २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेनं आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मदतीनं परीक्षा घेऊन आपल्या शाळांतल्या २५ मुलामुलींना अमेरिकेत नासा बघायला पाठवलं. शेतकऱ्याला जाता येतं, सातवीतल्या मुलाला जाता येतं. मधला, कॉलेजातला, ज्याला पाहिलेल्या गोष्टीवर विचार करता येतो आणि तिचा उपयोगही करता येतो, तोच नेमका सुटला आहे.

कुठं जायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे: पहिला मुक्काम लंडन नको, श्रीलंकेतलं अनुराधापूर असावं.

श्रीलंकेचा उत्तरेकडचा कोरडा प्रदेश पावसाच्या लहरीवरच जगतो. तिथं दोन हजार वर्षांपासून लोकांनी ओढ्याच्या उतारावर एकाखाली एक असे तलाव बांधले. वरच्या तलावातलं पाणी शेताला जातं, शेतातून निथरलेलं खालच्या तलावात येतं, तिथून पुढच्या शेताला. तलावाच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा राखतात, त्याला गसगोम्मन म्हणतात. वारा अडतो, बाष्पीभवन कमी होतं. बांधाच्या खाली कट्टकडुवा नावाचा दुसरा पट्टा असतो, तो झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार शोषून घेतो आणि खालची भातशेती वाचवतो. आणि ज्या वर्षी तलाव अर्धाच भरतो, त्या वर्षी गावकरी एकत्र बसून बेत्मा ठरवतात: सगळं क्षेत्र ओलवायचं नाही, फक्त तलावाजवळचा तुकडा पिकवायचा, आणि तो तुकडा कुणाच्याही मालकीचा असला तरी त्या हंगामापुरता सगळ्यांत वाटून घ्यायचा. २०१७ मध्ये अन्न व कृषी संघटनेनं या तलावपद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

ज्या जिल्ह्यानं २०१२-१३ चा दुष्काळ काढला, ज्या शहरानं निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाचा गाळ लोकवर्गणीतून उपसला, त्या ठिकाणच्या मुलांना ही पद्धत पुस्तकातून शिकवायची की त्या बांधावर उभं करून? पाणी कमी पडलं की आपल्याकडे बोअर आणखी शंभर फूट खाली जातो, मग शेजाऱ्याचा दोनशे. तिथं पाणी कमी पडलं की लोक जमीन वाटून घेतात. भूगोलाच्या, शेतीच्या, अर्थशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला तीन आठवडे पुरेल एवढा अभ्यास या एका फरकात आहे. जवळच मिहिंतले इथं रजरट विद्यापीठ आहे. आणि जिल्ह्यातल्या बौद्ध मुलांना तर अनुराधापूरचा बोधिवृक्ष वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब कोलंबोला गेले होते. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये, महापरिनिर्वाणाच्या काहीच दिवस आधी, काठमांडूला.

काठमांडू हा दुसरा जवळचा मुक्काम. तिथं इसिमोड ही डोंगराळ भागातल्या पाणी, जमीन आणि उपजीविकेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, आणि नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. फिलिपिन्सला लॉस बान्योस इथं भातसंशोधनाची जगातली अग्रगण्य संस्था आहे, बियाण्याच्या गावातल्या मुलांनी ती पाहायलाच हवी. थायलंडमध्ये एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. हे देश जवळचे, स्वस्त, आणि तिथं इंग्रजी सगळ्यांचीच दुसरी भाषा. हा शेवटचा फायदा लहान समजू नका. समोरचाही अडखळत, शब्द शोधत बोलतो आहे हे दिसलं, की आपल्या मुलांची जीभ सुटते. वर्गात दोन वर्षं तोंड न उघडलेली मुलं परराज्यातल्या शिबिरात चौथ्या दिवशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत भांडताना मी पाहिली आहेत.

पैशांचं गणित. मुंबई-कोलंबो परतीचं तिकीट आगाऊ काढलं तर साधारण २५ ते ३५ हजारांत मिळतं. राहणं विद्यापीठाच्या वसतिगृहात, जेवण मेसमध्ये, स्थानिक प्रवास बसनं. विमा, परवानगी, किरकोळ खर्च धरून माणशी ६० ते ७० हजारांत तीन आठवडे बसावेत, असा माझा अंदाज आहे. तो आणखी खाली आणण्याचा एक मार्ग मला सगळ्यांत चांगला वाटतो: पाहुणचाराच्या बदल्यात पाहुणचार. आपली पंधरा मुलं त्यांच्या वसतिगृहात राहावीत, त्यांची पंधरा आपल्याकडे. त्यांना दाखवायला आपल्याकडे कडवंची आहे, बियाण्याच्या प्रयोगशाळा आहेत, सळईच्या रोलिंग मिल आहेत, मोसंबीच्या बागा आहेत, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं जालन्यातलं केंद्र आहे. जो जिल्हा स्वतःला फक्त मागास म्हणवून घेतो, त्याला आपल्याकडे शिकवण्यासारखं काय आहे हे पाहुणे आले की कळतं.

उरलेला पैसा कुठून? जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांचं शीर्ष असतं. त्यातून एका वर्षी एका गटाचा प्रयोग मागून पाहावा. सीएसआरबद्दल अनेकांचा गैरसमज आहे म्हणून सांगतो: कंपनीनं भारताबाहेर केलेलं काम नियमानुसार सीएसआरमध्ये धरलं जात नाही. पण इथल्या तयारीचे वर्ग, इंग्रजीचं शिक्षण, संगणक यांसाठी उद्योगांकडे हक्कानं जावं. तिकिटांसाठी जालन्याचे व्यापारी आणि माजी विद्यार्थी आहेत. या शहरातल्या शाळा-कॉलेजांच्या पाट्यांवर दात्यांची नावं उगाच कोरलेली नाहीत. विद्यार्थ्याचा वाटा कमवा आणि शिका योजनेतून यावा. घरच्यांनी यासाठी एक गुंठाही गहाण ठेवू नये, ही या सगळ्या योजनेची पहिली अट समजावी. आणि कुणी एजंट परदेशी इंटर्नशिपचं प्रमाणपत्र दाखवून आगाऊ पैसे मागत असेल तर त्याच्या दारातही उभं राहू नये.

जगात हे कसं करतात, ते थोडक्यात. अमेरिकेत गिलमन शिष्यवृत्ती २००१ पासून फक्त अशा पदवी विद्यार्थ्यांना परदेशी अभ्यासासाठी पैसे देते, ज्यांना गरिबीमुळे सरकारची पेल ग्रँट मिळते. अगदी काही आठवड्यांच्या कार्यक्रमालाही ती चालते. युरोपच्या इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेत आता ५ ते ३० दिवसांचे छोटे कार्यक्रम आहेत. आधी ऑनलाइन वर्ग, मग प्रत्यक्ष भेट, आणि ज्यांना संधी कमी मिळाली त्यांना जादा मदत. जपानची सकुरा सायन्स योजना २०१४ पासून आशियातल्या तरुणांना आठवडा-दोन आठवड्यांसाठी स्वतःच्या खर्चानं बोलावते. पण तिथं अर्ज विद्यार्थी करत नाही. जपानमधली संस्था करते आणि आपल्या ओळखीच्या परदेशी संस्थेतली मुलं बोलावते. म्हणजे आपल्या प्राध्यापकाची तिथल्या एका प्राध्यापकाशी पत्रव्यवहाराची ओळख हवी. पैसा नाही म्हणून जितक्या संधी जातात, त्याहून जास्त अशी ओळख नाही म्हणून जातात, असं माझं मत झालं आहे. ती ओळख करून घेणं हे कॉलेजचं काम आहे, विद्यार्थ्याचं नाही.

कागदपत्रांचं प्रकरण या पुस्तिकेत मुद्दाम मोठं ठेवलं आहे. वडिलांचं नाव दहावीच्या सनदेवर बबन, आधारवर बाबू, रेशनकार्डावर बाबुराव. जन्म तांड्यावर, नोंद ग्रामपंचायतीत नाही, शाळेत मास्तरांनी १ जून घातलेली. पोलीस पडताळणीला माणूस घरी आला तेव्हा घर कुलूपबंद, कारण सगळे साखर कारखान्यावर कोप्यात. यातली एकेक गाठ सोडवायला दोन-तीन महिने लागतात आणि संधी तर येते पंधरा दिवसांच्या मुदतीनं. म्हणून पासपोर्ट संधीच्या आधी लागतो.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. राज्यात ज्या जिल्ह्यांत मुलींची लग्नं लवकर होतात, त्यांत जालना आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत टिकलेली मुलगी घरात बरंच काही सोसून तिथं आलेली असते. तिला बाहेरदेशी पाठवा म्हटल्यावर बाप गप्प बसतो, आई दाराआड जाते. त्यांना परिपत्रक दाखवून उपयोग नाही. प्राध्यापिकेनं घरी जावं, कोण सोबत आहे, रात्री कुठं झोपणार, फोन किती वाजता येणार हे सांगावं, आणि गावातल्या दोन मुली बरोबरच जातील असं पाहावं. गटात निम्म्या मुली असल्याच पाहिजेत. नसतील तर त्या वर्षी दौरा पुढं ढकलावा, इतकं हे महत्त्वाचं आहे. निवडही केवळ गुणांवर नको. गुणांवर केली की शहरातली, शिकवणी लावलेली मुलंच वर येतात. घरातलं पहिलं शिकणारं माणूस, विषयाची ओढ, परत येऊन काय करणार याची कल्पना, याला वजन द्यावं.

आता वेळ अनुकूल आहे, असं मला वाटतं. नव्या शैक्षणिक धोरणानं फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाला क्रेडिट दिले आहेत. प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक क्रेडिट, या हिशेबानं तीन आठवड्यांच्या नेटक्या कामाचे चार क्रेडिट सहज होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांशी जोड-पदव्यांचा मार्ग मोकळा केला, पण तो नॅकमध्ये ३.०१ गुण किंवा एनआयआरएफच्या पहिल्या शंभरातलं स्थान असलेल्यांसाठी. तालुक्याच्या कॉलेजांना तो उपयोगाचा नाही आणि त्यासाठी थांबायचंही कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठानं छोट्या परदेशी अभ्यासाचे क्रेडिट मान्य करण्याचा एक साधा ठराव केला, तर संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव या चारही जिल्ह्यांतल्या कॉलेजांचं काम होतं.

पुढच्या पानांत पत्रव्यवहाराचे नमुने, तीन आठवड्यांचा दिनक्रम, खर्चाचे तक्ते आणि पालकसभेत हमखास विचारले जाणारे प्रश्न दिले आहेत. ते वाचायला सवड नसेल तर प्राचार्यांनी एवढं तरी करावं: या जूनमध्ये प्रथम वर्षाला येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा पासपोर्टचा अर्ज कॉलेजात बसवून भरून घ्यावा. त्याचं शुल्क दीड हजार रुपये आहे, ज्यांना जमत नाही त्यांचं कॉलेजनं भरावं. पासपोर्ट दहा वर्षं चालतो.